दोन शिंका आणि दोन बार

जेम्स बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग याने लहान मुलांसाठी एकच पुस्तक लिहिलं: 'चिटी चिटी बँग बँग'. १९६१ साली त्याला हृदयविकाराचा झटका आला, सक्तीची विश्रांती वाट्याला आली, आणि मुलगा कॅस्पर याला झोपताना सांगितलेली गोष्ट त्याने त्या काळात कागदावर उतरवली. १२ ऑगस्ट १९६४ रोजी फ्लेमिंग गेला. पुस्तकाचा पहिला भाग त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, जॉन बर्निंगहॅमच्या चित्रांसह निघाला. जगभर ते उडणाऱ्या गाडीचं पुस्तक म्हणून ओळखलं जातं. मला मात्र त्यातली गाडी जमिनीवर असते तीच पानं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. एक शर्यतीची गाडी भंगारात निघालेली आहे, एक माणूस तिला घरी आणतो, दार लावून घेतो आणि काही महिन्यांनी ती चालू होते. एवढ्याशा घटनेवर फ्लेमिंगने जी पानं खर्च केली, ती मोटारगाडीवर लिहिल्या गेलेल्या उत्तम गद्यात मोडतात असं माझं ठाम मत आहे.

हिंगोलीत बसून हे पुस्तक वाचताना परकं वाटत नाही. उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. वसमतकडे जा, कळमनुरीकडे जा, नाहीतर सेनगावच्या बाजूला. एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा आखाड्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी असतंच. जुनी जीप, फियाट, अॅम्बेसिडर, राजदूत. हळदीची पोती तिच्या टपावर, पाठीमागच्या सीटवर कोंबडीची अंडी, चारही टायर बसलेले. घरातला कर्ता माणूस गेला, मुलं पुण्याला आणि संभाजीनगरला नोकरीला लागली, आणि गाडी जिथे शेवटची लावली तिथेच राहिली. कुणी विकत नाही, कुणी चालू करत नाही. शर्यतीची गाडी इथे कुणाकडे असण्याचा प्रश्न नव्हता. तसल्या गाड्या मुंबईत किंवा संस्थानिकांकडे. १९३०च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर जे. आर. डी. टाटा आपली बुगाटी पळवायचे.  इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग आजही जगभरच्या मोटारप्रेमींच्या तोंडी असते. पण गाडी बुगाटी असो की फियाट, ती उभी राहिली की तिला होणारे आजार तेच असतात, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याच्या मनात येणारे प्रश्नही तेच.

फ्लेमिंगची गोष्ट अशी सुरू होते. कमांडर कॅरॅक्टॅकस पॉट हा नौदलातून निवृत्त झालेला, सतत काहीतरी शोध लावत बसणारा गृहस्थ. लोक त्याला अर्धवट समजतात. बायको मिम्सी, जेरेमी आणि जेमायमा ही जुळी मुलं. घरात पैसा नाही, म्हणून गाडी नाही. मग पॉट शिट्टी वाजवणारी गोळी शोधून काढतो, मिठाईचा एक बडा कारखानदार ती विकत घेतो, आणि हाती पैसे आल्यावर सगळं कुटुंब मिळून गाडी बघायला निघतं. इथे पहिली मोठी गोष्ट घडते. चांगल्या, चालत्या, विनातक्रार गाड्या समोर असताना या चौघांना त्यातली एकही आवडत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. पैसे खिशात असलेल्या माणसाने सोय नाकारणं ही लहान मुलांच्या गोष्टीतली साधी बाब वाटते, पण पुढच्या सगळ्या घटनांचं मूळ तिथे आहे. मोडकी गाडी त्यांनी नाइलाजाने घेतलेली नाही. निवडून घेतलेली आहे.

ती त्यांना मिळते एका लहान गॅरेजच्या मागच्या बाजूला. गॅरेजवाला स्वतः एकेकाळी शर्यतींत उतरलेला माणूस. ही नेमणूक फ्लेमिंगने विचारपूर्वक केली आहे. ज्याला त्या गाडीची किंमत कळते त्याच्याकडेच ती पडून आहे, आणि तोच तिला भंगारात द्यायला निघालाय. दुष्टपणा कुणाचाच नाही. जाणकार माणसाकडेही जागा संपते, वेळ संपतो, पैसा संपतो. आमच्याकडच्या शेडमधल्या गाड्यांचं नेमकं हेच होतं. त्यांच्यावर प्रेम करणारे लोकच एके दिवशी भंगारवाल्याला फोन करतात, आणि तो फोन करताना त्यांचा आवाज बदललेला असतो.

गाडीचं नाव पॅरागॉन पँथर. बारा सिलेंडर, आठ लिटरचं इंजिन, सुपरचार्जर बसवलेला. नाव काल्पनिक, पण वर्णन १९२०च्या दशकातल्या खऱ्या राक्षसी गाड्यांचं. अशी एकच गाडी बनली आणि कंपनीचं दिवाळं निघालं, एवढी माहिती फ्लेमिंग देऊन ठेवतो. वाचताना हा तपशील सहज निसटतो. मिस्त्रीच्या कानाने तो वाचला की अंगावर काटा येतो. एकच गाडी बनली म्हणजे जगात तिचा दुसरा पार्ट नाही. गॅस्केट नाही, बेअरिंग नाही, पिस्टनच्या रिंगा नाहीत. जे गेलं ते हाताने घडवायचं. मुलं मात्र त्या सांगाड्यात वेगळंच वाचतात. नंबरप्लेटवर 'जीईएन ११' असं आहे, आणि रोमन आकडा धरून ते वाचलं की दिव्यातल्या जिनीचं नाव तयार होतं. मोठा माणूस इंजिन पाहतो, मुलं पाटी पाहतात. गाडी घरी नेण्यासाठी दोन्ही कारणं एकाच वजनाची आहेत, असं लेखक धरून चालतो. हा समतोल मला फार आवडतो.

फ्लेमिंगला मोडक्या गाडीची ओढ होती आणि ती या पुस्तकापुरती नव्हती. १९५३ सालच्या 'कॅसिनो रोयाल' या पहिल्याच बाँडकथेत बाँडकडे जुनी साडेचार लिटरची बेंटली आहे. १९३३ साली घेतलेली, महायुद्धाच्या काळात काळजीपूर्वक बंद करून ठेवलेली, आणि नंतर पुन्हा रस्त्यावर आणलेली. दरवर्षी बेंटलीचा एक जुना मेकॅनिक तिची तपासणी करतो. १९५५ सालच्या 'मूनरेकर'मध्ये ती गाडी संपते. मग १९६१ सालच्या 'थंडरबॉल'मध्ये बाँड काय करतो? कुणा श्रीमंताने खांबावर आदळून चेपवलेल्या बेंटलीचा सांगाडा विकत घेतो, चासी सरळ करून घेतो, नवं इंजिन बसवतो आणि आपल्याला हवी तशी गाडी त्यातून उभी करतो. सिनेमातला बाँड नवीकोरी अॅस्टन मार्टिन घेऊन फिरतो. पुस्तकातल्या बाँडच्या हाती बहुतेकदा सांभाळलेली नाहीतर दुरुस्त केलेली गाडी असते. थंड रक्ताने माणसं मारणाऱ्या त्या नायकाचं मन कुठे हळवं आहे हे शोधायचं तर त्याचं गॅरेज पाहावं. 'थंडरबॉल' ज्या वर्षी आलं त्याच वर्षी फ्लेमिंगचं स्वतःचं हृदय दगा देऊन गेलं, आणि अंथरुणावर पडून त्याने लिहिली ती बंद पडलेलं इंजिन पुन्हा धडधडू लागण्याची गोष्ट. यावर अधिक अर्थ लादायची गरज नाही.

आता त्या बंद दाराकडे यायला हवं. गाडी घरी येते, कमांडर पॉट तिला कार्यशाळेत घेतो आणि कुणालाही आत येऊ देत नाही. रात्रीही दिवे जळत असतात. वेगवेगळ्या कारखान्यांतून पार्सलं येत राहतात. आपण मुलांबरोबर बाहेर उभे असतो. आत काय चाललंय हे फ्लेमिंग सांगत नाही. हे मौन कथेसाठी अचूक आहे, कारण पुढे जी चमत्काराची गाडी बाहेर येणार तिच्यावर ग्रीसचे डाग दिसायला नकोत. पण वाचक म्हणून मला त्या दाराआड जायचंच असतं. आणि हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये बसलेला माणूस ती गाळलेली पानं स्वतः भरू शकतो.

पहिला नियम असा की बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. नवख्याचा हात थेट चावीकडे जातो आणि तिथेच इंजिनाचं नुकसान होतं. उभ्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींवरचं तेल केव्हाच खाली उतरलेलं असतं. पावसाळ्याची दमट हवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून आत शिरते, लोखंडाच्या रिंगा लोखंडाच्या भिंतीला गंजाने धरून बसतात. जोर लावला तर रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा उठतो. म्हणून जाणता उस्ताद आधी सगळे प्लग काढतो, प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी येतो, पुन्हा सोडतो. मग क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने, अगदी थोडं, पुढे आणि मागे. हलत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. बारा सिलेंडरच्या गाडीत ही वाट बारा ठिकाणी एकदम पाहायची असते, आणि एकाने जरी धरून ठेवलं तरी बाकीचे अकरा हलत नाहीत. हाताला पहिल्यांदा जे किंचित ढिलेपण जाणवतं, ते ज्याने अनुभवलंय त्याला विचारा. त्या क्षणी इंजिन चालू झालेलं नसतं, पण ते मेलेलं नाही हे कळलेलं असतं.

मग पेट्रोल. टाकीत राहिलेलं पेट्रोल वर्षानुवर्षं उडत उडत काकवीसारखं घट्ट होतं आणि त्याला आंबूस, नाकात बसणारा वास येतो. ते कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसलं की सुईच्या टोकाएवढी भोकं बुजतात. टाकी उतरवायची, आतला गंज काढायचा, नळ्या फुंकून पाहायच्या. नवं पेट्रोल घाईने जुन्या टाकीत ओतणारा माणूस तो सगळा गाळ स्वतःच्या हाताने इंजिनात पाठवतो. १९२०च्या दशकातल्या गाडीत ठिणगी मॅग्नेटोतून येते. त्याच्या गुंडाळ्यांना ओल लागली की ठिणगी निळी पडण्याऐवजी पिवळी, दुबळी पडते किंवा पडतच नाही. वायरिंगवर कापसाचं वेष्टण, ते उंदरांनी खाल्लेलं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. बेअरिंगमध्ये ओतलेला मऊ पांढरा धातू तडकलेला असेल तर तो वितळवून पुन्हा ओतायचा आणि हाताने खरवडून बसवायचा. बॉडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा, त्याला कीड. आणि ब्रेक. नव्या जमान्याच्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मास्टर सिलेंडर आतून गंजतो. त्याआधीच्या गाड्यांत तारा आणि दांड्या, त्यांचे सांधे जाम. गाडी चालू होण्याआधी थांबायला शिकली पाहिजे, असं जुने मिस्त्री सांगतात, आणि कामाचा क्रम ते तसाच लावतात.

आणि पार्ट? आमच्याकडे आधी नांदेडला विचारायचं, मग हैदराबादला, मग कुणीतरी मुंबईच्या चोर बाजाराचं नाव काढतो. कुठेच नाही मिळालं की लेथवाल्याकडे जायचं. जुना तुटका तुकडा त्याच्यासमोर ठेवायचा. तो तुकडा हातात फिरवतो, झिजलेल्या कडेवरून मूळ माप ओळखतो आणि नवा काढून देतो. कमांडर पॉटकडे येणारी ती पार्सलं म्हणजे हेच आहे. जगात एकुलत्या एक असलेल्या गाडीसाठी कुठल्या कुठल्या कारखान्यातल्या अनोळखी कारागिरांनी मापावरून काढून दिलेले तुकडे. फ्लेमिंगने त्यांना एका वाक्यात बसवून टाकलं. माझ्या मते हे पुस्तकातलं सगळ्यात दाट वाक्य आहे आणि त्यावरून डोळे भरकन पुढे जातात, ही खंत मला दर वाचनात होते.

दार उघडतं तेव्हा बाप काहीसा गोंधळलेला असतो. गाडी झळाळते आहे, लांबलचक हिरवं बॉनेट, लाल चामड्याच्या सीटा. पण तो मुलांना एक विलक्षण गोष्ट सांगतो. आपण काम करत होतो हे खरं, पण काही बदल आपण केलेले नाहीत. रात्री गाडी सोडून जावं आणि सकाळी येऊन पाहावं तर काहीतरी आपोआप सुधारलेलं असे. डॅशबोर्डवर बटणांच्या रांगा आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा उपयोग त्यालाही ठाऊक नाही.

लहान मुलांच्या गोष्टीत जादू येणारच. पण इथे जादू कुठून येते हे पाहण्यासारखं आहे. परी येत नाही, मंत्र नाही, जिनी दिव्यातून निघत नाही. माणसाने दिवसभर मन लावून काम केल्यावर रात्री गाडी स्वतः त्यात आपला वाटा उचलते. जादूचा उगम श्रमात आहे. ज्यांनी यंत्रावर मनापासून काम केलंय त्यांना ही अतिशयोक्ती वाटणार नाही. संध्याकाळी हार मानून सोडलेला नट सकाळी पहिल्याच हिसक्याला सुटतो. रात्रभरात तेल आट्यांत झिरपलेलं असतं, थंडीने धातू जरासा आकसलेला असतो. कारण सांगता येतं. तरी उस्ताद गाडीच्या बोनेटवर हात टेकून काहीतरी पुटपुटतोच. आमच्याकडे खंडेनवमीला पाने, लेथ, जॅक, ट्रॅक्टर सगळ्यांना हळदकुंकू लागतं. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतात. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा तर दूरदूरवर माहीत आहे, रामलीला मैदानावर माणूस मावत नाही; पण त्याच दिवशी एखाद्या आखाड्यावर कुणी म्हातारा न चालणाऱ्या जीपलाही हार घालून येतो. यंत्राला जीव आहे की नाही, हा वाद तो घालत बसत नाही. त्याने तिच्यावर कमावलेलं असतं, आणि त्याची जाणीव तो ठेवतो. फ्लेमिंगच्या पुस्तकातली जादू याच जाणिवेच्या फार जवळची आहे, म्हणून ती मला विलायती वाटत नाही.

त्यानंतरचा प्रसंग म्हणजे पुस्तकाचा कळस, निदान माझ्यापुरता. गाडी पहिल्यांदा चालू करायची. मुलं श्वास रोखून उभी. बाप स्टार्टर दाबतो आणि नुसती हलकी घरघर येते. मुलांचे चेहरे उतरतात. बाप त्यांना धीर देतो, ती अजून गरम व्हायची आहे. पुन्हा दाबतो. आणि मग दोन शिंका येतात, पाठोपाठ दोन लहान स्फोट, आणि इंजिन पकडतं. त्या शिंकांवरून आणि स्फोटांवरून गाडीचं नाव पडतं.

या छोट्या प्रसंगात किती खरं भरलेलं आहे! पहिली खेप वाया जाते, हे खरं. बरीच वर्षं थंड पडलेलं इंजिन पहिल्या हिसक्याला सहसा पेटत नाही, कारण पेट्रोलची वाफ अजून सगळ्या नळ्यांत पोचलेली नसते. शिंक येते ती कार्बोरेटरमधून: मिश्रण पातळ असतं, ते सावकाश जळतं आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत आग शिल्लक असते, ती उलटी बाहेर येते. बार होतो तो सायलेन्सरमध्ये: एखाद्या सिलेंडरने न पेटवताच सोडून दिलेलं मिश्रण मागे गरम नळीत जाऊन पेटतं. म्हणजे आधी शिंका आणि मग बार, हा क्रमसुद्धा बरोबर आहे. फ्लेमिंगने आवाज कल्पनेतून काढला नाही, कानाने ऐकलेला लिहिला. लेखकाने मुलांचं मन राखायला खोटी गोड सुरुवात केली नाही. इंजिन आधी नकार देतं, मग कुरकुरतं, मग होकार देतं. आणि नाव पडतं ते त्या कुरकुरीवरून, पुढच्या गर्जनेवरून नाही. कष्टाने चालू झालेल्या गाडीचा मालक तिचा तोच आवाज आयुष्यभर लक्षात ठेवतो.

गाडीचा आवाज इतक्या प्रेमाने ऐकणारा आणखी एक कलावंत आपल्या देशात होता. ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' १९५८ साली आला. सुबोध घोष यांच्या कथेवरचा चित्रपट, छोटा नागपूरच्या रस्त्यांवर चित्रित केलेला. बिमल हा टॅक्सीवाला आणि जगद्दल ही त्याची म्हातारी शेवरोले. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की ती घटघट पिते, तो आवाज घटकांनी मुद्दाम ऐकवला आहे. तिथेही माणूस होतं नव्हतं ते सारं घालून गाडी उभी करतो. पण जगद्दल वाचत नाही, लोखंडाच्या भावाने जाते. प्रौढांना घटकांनी जे सांगितलं ते तितकंच खरं आहे. मात्र त्या चित्रपटानंतर फ्लेमिंगचं पान उघडलं की मुलांच्या पुस्तकाची ताकद कळते. ते वाचवण्याची बाजू घेतं आणि त्यासाठी लाजत नाही.

पुढे गाडी उडते. डोव्हरच्या रस्त्यावर गर्दीत अडकली असताना डॅशबोर्डवर दिवा लागतो, पॉटला एक दांडा ओढायला सांगतो, तो जरा घुटमळतो तर गाडी त्याला चक्क मूर्ख ठरवते. पंख निघतात, समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर सहल होते, फ्रान्समधली गुहा, दारूगोळा, दरोडेखोरांची टोळी. मजा आहे, पण ही पानं कोणताही कसबी लेखक लिहू शकला असता. १९६८च्या चित्रपटाबद्दलही थोडक्यातच म्हणेन. रोआल्ड डाल आणि दिग्दर्शक केन ह्यूज यांनी पटकथा लिहिली, डिक व्हॅन डाइकने काम केलं, गाणी जगभर गाजली. त्यातली गाडी देखणी आहे. पुस्तकातली अधिक जिवंत.

या कल्पित गाडीमागे एक खरी गाडी आहे, आणि तिची कथा कळल्यावर पुस्तकाचा रंग बदलतो. काउंट लुई झ्बोरोव्स्की हा इंग्लंडात वाढलेला श्रीमंत तरुण. कँटरबरीजवळच्या हायम पार्क या आपल्या इस्टेटीत त्याने मर्सिडीजच्या चासीवर मायबाख कंपनीचं विमानाचं इंजिन बसवलं. सहा सिलेंडर, २३ लिटर. एकेका सिलेंडरमध्ये आपल्या मारुती ८०० ची जवळजवळ पाच इंजिनं मावावीत. तिचं नाव होतं चिटी बँग बँग. १९२१ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती पळाली आणि जिंकली, आणि शाळकरी फ्लेमिंग तिच्यावर लुब्ध झाला. झ्बोरोव्स्की १९२४ साली मोंझा इथल्या शर्यतीत गेला. वय अवघं २९. ती गाडी पुढे सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या मुलांकडे गेली आणि शेवटी तिचे तुकडे झाले. ती राहिली नाही.

हे माहीत झाल्यावर गॅरेजच्या मागचा तो प्रसंग पुन्हा वाचावा. लहानपणी पाहिलेली गाडी भंगारात गेली, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या, छातीत कळ घेऊन पडलेल्या माणसाने चाळीस वर्षांनी गोष्टीत तिला भंगाराच्या दारातून परत आणलं. खऱ्या आयुष्यात जो कमांडर पॉट त्या गाडीला भेटला नाही, तो फ्लेमिंगने लिहून काढला.

आणि खराखुरा कमांडर पॉट तिच्या भावंडाला भेटला. झ्बोरोव्स्कीची दुसरी एक गाडी होती, हायम स्पेशल, २७ लिटरच्या लिबर्टी विमान-इंजिनाची. त्याच्या मृत्यूनंतर ती वेल्सच्या जे. जी. पॅरी-थॉमस या इंजिनिअरने १२५ पौंडांना घेतली, सुधारली, बॅब्स असं नाव दिलं आणि एप्रिल १९२६ मध्ये पेंडाइनच्या वाळूच्या किनाऱ्यावर ताशी १७१ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर, असा वेगाचा विक्रम केला. ३ मार्च १९२७ रोजी तिथेच, हातचा गेलेला विक्रम परत मिळवण्याच्या प्रयत्नात, गाडी उलटली आणि पॅरी-थॉमस गेला. लोकांनी त्या गाडीला किनाऱ्यावरच वाळूत पुरलं. ४२ वर्षं ती खाऱ्या वाळूखाली होती. १९६९ साली ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकाने परवानग्या मिळवून ती खणून काढली. मिठाने खाल्लेला पत्रा, गंजलेलं इंजिन, माणूस मारल्याचा डाग. नवा देखणा सांगाडा बनवणं सोपं झालं असतं. त्याने सुमारे पंधरा वर्षं घालवून, जे वाचवता येईल ते वाचवत, तीच गाडी उभी केली. तिचं इंजिन पुन्हा पेटलं. फ्लेमिंगच्या बंद दाराआडच्या पानांचं याहून चांगलं भाष्य मला माहीत नाही. फरक एवढाच की इथे रात्री कुणीही मदतीला आलं नाही, सगळं दिवसाढवळ्या हाताने झालं.

म्हणून हे पुस्तक मुलांना वाचून दाखवा, आणि पहिले काही अध्याय सावकाश वाचा. आणि तुमच्या स्वतःच्या पडवीत, आखाड्यावर एखादी जुनी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं आरसी बुक शोधून ठेवा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली आहे. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं लागतं, तेव्हा घाईने काही बदलून टाकू नका. ओळखीच्या जुन्या मिस्त्रीला घेऊन जा. त्याने प्लग काढून तेल सोडेपर्यंत चावीला हात लावू नका.